कोणाच्या पोटातून आली? परोपजीवी गांधीलमाश्यांच्या नव्या प्रजाती

पिकल्या केळ्यावर घोंगावणारी ड्रोसोफिला माशी शंभरहून अधिक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवली जाते आहे. तिची गुणसूत्रे, तिचे डोळे, तिची झोप, तिचे म्हातारपण, सगळ्यांवर संशोधन झाले. तिच्यावर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्याही माहीत होत्या, पण त्या साऱ्या तिच्या अळीत नाहीतर कोषात अंडी घालणाऱ्या. २०२४ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात एका नव्या गांधीलमाशीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही गांधीलमाशी उडत्या, पूर्ण वाढलेल्या माशीच्या पोटात अंडे घालते. तिचे नाव सिन्ट्रेटस पर्लमनाय. प्रौढ माशीला यजमान करणारी परोपजीवी गांधीलमाशी शास्त्राने त्याआधी नोंदलेली नव्हती. आणि ती सापडली ती दूरच्या अरण्यात नाही, घराच्या परसात पकडलेल्या माश्यांत.

ज्या कीटकाचा एवढा अभ्यास झाला त्याच्या पोटातले एक आयुष्य इतकी वर्षे दिसले नाही, तर आपल्या तुरीवरच्या, करंजावरच्या, बांधावरच्या रानगवतातल्या अळ्यांच्या पोटात काय असेल? नव्या प्रजातीच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. नावात एखादी गायिका किंवा चित्रपटातला राक्षस असला की त्या जास्त झळकतात. इक्वेडोरच्या एका गांधीलमाशीला २०१४ साली शकिराचे नाव मिळाले, तर ऑस्ट्रेलियातली एक २०१८ साली ‘झेनोमॉर्फ’ झाली. अशा नावांनी लोकांचे लक्ष जाते, यात वाईट काही नाही. पण बातमी नावापाशी संपते, आणि खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. वर्णन म्हणजे नेमके काय, ते कोणत्या पुराव्यावर करायचे आणि त्याचा उपयोग कोणाला, याविषयी कीटकशास्त्रात गेली काही वर्षे कडाक्याचा वाद चालू आहे. त्या वादात आपल्या शेतकऱ्याचाही संबंध आहे, म्हणून तो मराठीत मांडायला हवा.

आधी या जीवांची ओळख. गांधीलमाशी म्हटले की वळचणीला पोळे करून बसणारी, डसणारी माशी डोळ्यांपुढे येते. इथे ज्यांच्याविषयी बोलतो आहोत त्यांतल्या बहुतेक माणसाला डसत नाहीत, आणि बहुतेक डोळ्यांना धड दिसतही नाहीत. मादी आपली अंडनलिका दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोषात खुपसते आणि अंडे घालते. पिलू आतून यजमानाला खात वाढते आणि शेवटी त्याचा जीव घेऊन बाहेर पडते. उवा किंवा गोचीड यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर जगतात, ही ठेवत नाही. शेतीच्या दृष्टीने तिचे सारे मोल या एका फरकात आहे. आकार म्हणाल तर काही बोटाच्या पेराएवढ्या, आणि मेगाफ्रॅग्मा नावाच्या गटातल्या ०.२ मिलिमीटरच्या, म्हणजे एकपेशीय अमिबाएवढ्या. त्या आकारात मेंदू मावावा म्हणून प्रौढ होताना त्यांच्या हजारो चेतापेशींपैकी बहुतेकींमधले केंद्रकच नाहीसे होते, हे रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी २०१२ साली दाखवले. तरीही त्या उडतात, यजमान शोधतात, अंडी घालतात.

अशा प्रजाती किती आहेत? सर्वाधिक प्रजाती भुंगेऱ्यांच्या, असे आपण सगळे शिकलो. सुमारे चार लाख भुंगेऱ्यांना नावे आहेत, तर मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या मिळून दीड लाखाच्या आसपास. २०१८ साली अँड्र्यू फोर्ब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब उलट बाजूने केला. नावे मोजण्याऐवजी त्यांनी यजमान मोजले. ज्या कीटकांचे सगळे परोपजीवी नीट अभ्यासले गेले आहेत असे चार गट घेतले आणि एका यजमान प्रजातीमागे केवळ तिच्यावरच जगणाऱ्या किती गांधीलमाश्या येतात हे पाहिले. उत्तर भुंगेऱ्यांच्या अडीच ते ३.२ पट निघाले. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे, आणि थोड्या गटांवरून साऱ्या जगाविषयी बोलण्याचा धोका त्यात आहेच. पण त्यातली दिशा मला पटते, कारण तो हिशेब यजमानापासून सुरू होतो.

नव्या प्रजातीचे वर्णन कसे होते ते पाहू. स्वीडनच्या रेने मॅलेझ यांनी १९३७ साली मांडलेला तंबूसारखा जाळीचा सापळा आजही रानात उभारला जातो. उडता कीटक जाळीवर आदळून वर चढतो आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. पिवळ्या रंगाच्या थाळ्यांत साबणाचे पाणी ठेवले तरी या माश्या येतात. एका सापळ्यात आठवड्याला हजारो कीटक. त्यांतून गांधीलमाश्या निवडायच्या, आकुंचन न होता वाळवायच्या, त्रिकोणी कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवायच्या किंवा काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये बसवायच्या. मग सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकेचे खंड किती, पंखावरची शीर कुठे दुभंगते, छातीच्या मागच्या बाजूवर खाचा आहेत की गुळगुळीतपणा, अंडनलिका मागच्या पायाच्या नळीच्या कितीपट लांब, असे सगळे मोजायचे. त्यानंतर खरे कष्ट सुरू होतात. त्या गटातल्या आजवर नाव मिळालेल्या प्रत्येक प्रजातीशी आपला नमुना ताडून पाहायचा. ती वर्णने इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, चिनी, कुठल्याही भाषेत आणि दोनशे वर्षांच्या कुठल्याही अंकात असू शकतात. मूळ नमुना लंडनला, व्हिएन्नाला किंवा कोलकात्याला. कशाशीच जुळत नाही अशी खात्री पटली की नाव द्यायचे. ज्या एका नमुन्यावर ते नाव कायमचे टांगले जाते तो होलोटाइप. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९९९ नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीला असा नमुना नेमणे आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे सांगणे बंधनकारक आहे. वर्णनात तिचे वेगळेपण शब्दांत यायला हवे, ही अट तर १९३० नंतरच्या सर्व नावांना आहे.

यजमान सांगण्याची अट मात्र संहितेत कुठेच नाही. साऱ्या प्राणिजगतासाठी केलेल्या नियमांत ती असणेही शक्य नाही. पण परोपजीवी गांधीलमाशीपुरते पाहिले तर, कोणाच्या पोटातून आली हे न सांगता केलेले वर्णन अर्धे आहे, असे माझे ठाम मत आहे. सापळ्यातल्या बाटलीत पडलेली माशी मेलेली असते, तिला विचारता येत नाही. अळी पाळली, ती कशावर जगते ते पाहिले आणि तिच्यातून माशी बाहेर पडेपर्यंत थांबलो, तरच ते कळते.

अपुऱ्या वर्णनाची किंमत पुढच्या पिढ्या कशी मोजतात याचे उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातले अलेक्झांद्र गिरॉल्ट. अमेरिकेत जन्मलेल्या या माणसाने क्वीन्सलँडमध्ये आयुष्य घालवून चाल्सिड या गांधीलमाश्यांच्या गटातल्या तीन हजारांहून अधिक प्रजातींना नावे दिली. नियतकालिके छापेनात तेव्हा स्वतःच्या खर्चाने पत्रके काढली. कष्ट अफाट, नजर तीक्ष्ण, पण वर्णने कित्येकदा चार-दोन ओळींची, चित्रे नाहीत, आणि नमुने काचपट्टीवर दाबलेले, काही ठिकाणी एकाच पट्टीवर अनेक प्रजाती. १९४१ साली ते वारले. त्यांनी उभे केलेले जंगल साफ करायला झ्डेनेक बोउचेक यांच्यासारख्या जाणत्या संशोधकाची कित्येक वर्षे गेली. त्यांचा ऑस्ट्रेलियन चाल्सिडांवरचा जाडजूड ग्रंथ १९८८ साली आला. गिरॉल्ट यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पण आजच्या वादात दोन्ही बाजूंनी त्यांची आठवण ठेवायला हवी.

आजचा वाद पेटला कोस्टारिकात. तिथल्या ग्वानाकास्ते संरक्षित प्रदेशात डॅन जॅन्झन आणि विनी हॉलवाक्स हे दांपत्य १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अळ्या गोळा करून पाळते आहे. स्थानिक गावकऱ्यांना त्यांनी प्रशिक्षण दिले, आणि प्रत्येक अळीची नोंद ठेवली: कुठल्या झाडावर सापडली, काय खाल्ले, शेवटी त्यातून पतंग निघाला की गांधीलमाशी. अशा नोंदींचा एवढा मोठा साठा उष्ण कटिबंधात दुसरीकडे नाही. २००८ साली या संग्रहातल्या अळ्यांतून निघालेल्या अडीच हजारांवर गांधीलमाश्यांचा डीएनए बारकोड तपासला गेला. पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सुचवलेली ही पद्धत, त्यात पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचतात. दिसण्यावरून ज्या १७१ प्रजाती वाटत होत्या त्या ३१३ निघाल्या. आणि जी एकच प्रजाती अनेक अळ्यांवर जगते असे वाटत होते, ती बहुतेक वेळा अनेक प्रजातींची टोळी होती; प्रत्येकीची एखाद-दुसरी ठरलेली अळी. इथे डीएनए आणि पाळण्याची वही एकमेकींना दुजोरा देत होत्या, म्हणून तो निष्कर्ष टिकला.

पुढे २०२१ साली मायकेल शार्की आणि सहकाऱ्यांनी एकाच लेखात कोस्टारिकातल्या, ब्रॅकोनिड या गांधीलमाश्यांच्या कुलातल्या ४०३ नव्या प्रजातींना नावे दिली. बहुतेकींचे वर्णन म्हणजे एक छायाचित्र आणि बारकोडची अक्षरे. शृंगिका नाही, शीर नाही, तुलना नाही. त्यांचे म्हणणे साधे होते: जुन्या पद्धतीने चालत राहिलो तर नावे देऊन होण्याआधी जंगले संपतील. विरोधकांचे म्हणणेही तितकेच सरळ. बारकोडचे गट कोणत्या गणिती रीतीने पाडले यावर त्यांची संख्या बदलते, मग आज प्रजाती ठरलेला गट उद्या दोनांत फुटेल किंवा शेजारच्यात मिसळेल. रूडॉल्फ मायर आणि सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासून २०२२ साली हा आक्षेप आकड्यांनिशी मांडला. शिवाय व्होल्बाकिया नावाचा जिवाणू कीटकांत आईकडून पिलांकडे जातो आणि मायटोकाँड्रियाही आईकडूनच येतात. त्यामुळे हा जिवाणू पसरला की बारकोड दिशाभूल करू शकतो. गांधीलमाश्यांत व्होल्बाकिया मुबलक.

या वादात माझा कल अर्धा अर्धा वाटला जातो. घाई समजते, आणि तिच्यामागचे दुःखही समजते. जॅन्झन यांनी ज्या जंगलात उभे आयुष्य घालवले तिथले किडे कमी होत जाताना त्यांनी स्वतः पाहिले आहे. पण ज्याच्याकडे डीएनए वाचायची सोय नाही त्याला त्या ४०३ नावांतले एकही वापरता येणार नाही. जिल्ह्याच्या कृषी महाविद्यालयातल्या शिक्षकाला टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकातून ओळखता येईल असा एखादा तरी खुणेचा बिंदू वर्णनात हवा. तो देणे अशक्य नव्हते, छायाचित्रे होतीच. त्या लेखातली सर्वांत टिकाऊ गोष्ट, म्हणजे त्यातल्या अनेक प्रजातींची यजमान-नोंद, दोन्ही बाजूंच्या भांडणात मागे पडली, याचे मला जास्त वाईट वाटते.

निव्वळ डोळ्यांवर विसंबूनही चालत नाही, हे शेतीने महागात शिकवले आहे. कॅलिफोर्नियाच्या लिंबूवर्गीय बागांना तांबड्या खवले किडीने ग्रासले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकन कीटकतज्ज्ञ आशियात तिचे शत्रू शोधत होते. त्यांना खवल्यांवर अफायटिस गटातल्या पिवळ्या, मिलिमीटरभर लांबीच्या गांधीलमाश्या दिसतही होत्या, पण त्या कॅलिफोर्नियात आधीच असलेल्या अफायटिस क्रिसोम्फालाय याच प्रजातीच्या समजून त्यांनी नेल्या नाहीत. अनेक दशके अशी गेली. त्या वेगळ्या आहेत हे १९४०च्या दशकाच्या अखेरीस उमगले. मग चीनमधून एक आणि १९५६-५७मध्ये भारत-पाकिस्तानातून दुसरी नेली गेली. या दुसरीला पॉल डीबाख यांनी १९५९ साली अफायटिस मेलिनस हे नाव दिले. कॅलिफोर्नियाच्या आतल्या, कोरड्या भागांत तिने आधीच्या दोघींना मागे टाकले आणि आज ती जगभर विकत मिळते. आपल्या मातीतली ही माशी वर्गीकरणातल्या एका गफलतीमुळे तोवर कोणाच्या कामी आली नव्हती.

याउलट नाव वेळेवर मिळाले तर काय होते ते आपण महाराष्ट्रात पाहिले. पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे, पॅराकोकस मार्जिनॅटसचे, शास्त्रीय वर्णन १९९२ साली झाले. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. तिथे त्याच्यावर जगणाऱ्या गांधीलमाशीचे वर्णन जॉन नॉयस आणि मायकेल शॉफ यांनी २००३ साली केले आणि नावातच पपई ठेवली: असेरोफेगस पपाये. २००८ साली हा ढेकूण कोइमतूरला दिसला आणि दोन वर्षांत तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्रात पसरला. पपई, तुती, टॅपिओका, सगळ्यांवर पांढरे मेणचट थर. फवारण्या मेणावरून ओघळत होत्या. २०१० साली पोर्तो रिकोहून या गांधीलमाश्या बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेत आल्या, वाढवल्या गेल्या आणि शेतांत सोडल्या गेल्या. काही महिन्यांत ढेकूण आटोक्यात आला. ढेकणाचे नाव, माशीचे नाव आणि दोघांतले नाते, तिन्ही गोष्टी आधीच छापलेल्या होत्या म्हणून हे इतक्या लवकर जमले. आफ्रिकेत टॅपिओकाच्या पिठ्या ढेकणाबाबत सुरुवातीला तसे झाले नाही. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात सापडलेला दिसायला सारखा ढेकूण वेगळ्या प्रजातीचा निघाला, त्याचे परोपजीवी आफ्रिकेत रुजले नाहीत. खरा ढेकूण १९८१ साली पॅराग्वेत सापडला तेव्हाच त्याची खरी गांधीलमाशी हाती लागली.

ट्रायकोकार्ड आपल्या ऊस आणि कपाशीच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. कार्डावर चिकटवलेली तांदळाच्या पतंगाची अंडी, त्यांत ट्रायकोग्रामा. अर्धा मिलिमीटरची ही माशी पूर्वी भारतात एका नावाने, मग दुसऱ्या नावाने ओळखली जाई. कुठली कुठे सोडली याचा पत्ता नसे. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा या दोघांनी बेंगळुरूत काम करून १९७१ साली दाखवून दिले की माद्यांवरून या प्रजाती ओळखणे जवळपास अशक्य आहे, पण नराच्या जननेंद्रियाची रचना प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. साऱ्या जगाने तो निकष स्वीकारला. माझ्या मते भारतीय कीटकशास्त्राने जगाला दिलेल्या मोठ्या देणग्यांपैकी ही एक आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमात तिच्याविषयी एक परिच्छेदही क्वचित सापडतो. पुढे कळले की काही ट्रायकोग्रामांत व्होल्बाकिया जिवाणू नर जन्मूच देत नाही, सगळ्या माद्याच. तिथे नराचा निकष कामाचा नाही. तिथे डीएनएचा दुसरा एक तुकडा वापरावा लागतो. या एका गटापुरते तरी दोन्ही पद्धतींचे भांडण संपलेले आहे. जिथे जी चालते तिथे ती वापरतात.

भारतातले बाकीचे चित्र मिश्र आहे. कालिकतचे टी. सी. नरेंद्रन आणि अलीगढचे मोहम्मद हयात यांनी चाल्सिड माश्यांवर जे ग्रंथ लिहिले त्यांच्यावाचून आजही कोणाचे पान हलत नाही. त्यांच्या तोडीची माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी. १९व्या शतकात पीटर कॅमेरॉन यांच्यासारख्यांनी भारतातल्या ज्या शेकडो प्रजातींना त्रोटक वर्णनांवर नावे दिली, त्यांचे अनेक मूळ नमुने इंग्लंडमध्ये आहेत. २००२चा जैवविविधता कायदा नव्या प्रजातीचा नमुना देशातल्या नेमलेल्या संग्रहातच ठेवायला सांगतो. हे योग्यच आहे. पण तुलनेसाठी नमुने परदेशातल्या जाणकाराकडे पाठवणे त्यामुळे किचकट झाले, आणि ते थोडे सुटसुटीत व्हावे ही अभ्यासकांची मागणी रास्त आहे.

महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता सुरू होऊ शकते. कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांत दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी किडींचा जीवनक्रम अभ्यासण्यासाठी अळ्या पाळतात. त्यांतल्या काही अळ्या मरतात आणि त्यांतून गांधीलमाश्या निघतात. प्रबंधात त्यांची नोंद ‘परोपजीवींमुळे मृत्यू, इतके टक्के’ एवढीच होते, आणि माश्या फेकल्या जातात. त्या अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात, सोबत मेलेल्या अळीचे कातडे त्याच कुपीत असावे, आणि चिठ्ठीवर वनस्पती, गाव, तारीख आणि माशी निघाली तो दिवस पेन्सिलीने लिहावा. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. अळीचे कातडे असेल तर यजमानाची ओळखही पुढे कधी पडताळता येते, अगदी डीएनएवरूनही.

अशी नोंद किती दूर जाते याचा दाखला नागराजा आणि नागरकट्टी यांच्याच कामात आहे. एरंडीवरच्या उंटअळीच्या, अकिया जनाटाच्या, अंड्यांतून आलेल्या एका ट्रायकोग्रामाचे वर्णन त्यांनी १९७०च्या सुमारास केले आणि यजमानावरून तिला ट्रायकोग्रामा अकियाय म्हटले. सुमारे चार दशकांनी दक्षिण अमेरिकेतून स्पेनमध्ये टोमॅटोवरची नागअळी शिरली, तेव्हा तिथल्या हरितगृहांत अंडी मारण्यासाठी हीच माशी वापरली गेली. ती नागअळी २०१४ साली पुणे परिसरातल्या टोमॅटोवर पोचली. तिच्या अंड्यांवर आपल्याकडे आणखी कोण जगते, याचे उत्तर नारायणगावच्या एखाद्या टोमॅटोच्या पानावर आत्ताही असू शकेल.